फोनवर तालमुद चालतं, मग सणाची प्रार्थना का चालत नाही?

मार्च २०२०. टाळेबंदीनं जग घरात बसवलं होतं आणि ८ एप्रिलच्या संध्याकाळी पेसाह सुरू होणार होता. मराठी बायबल वाचणाऱ्यांना हा सण वल्हांडण म्हणून ठाऊक असेल. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटका झाली, तिच्या आठवणीसाठी त्या रात्री ज्यू कुटुंबं सेदर नावाचं विधिपूर्वक जेवण करतात. घरातलं सगळ्यात लहान मूल प्रश्न विचारतं आणि थोरली माणसं सुटकेची कहाणी सांगतात. त्या वर्षी प्रश्न विचारणारी नातवंडं एका घरात होती आणि उत्तरं देणारे आजी-आजोबा दुसऱ्या. तेव्हा इस्राएलमधल्या १४ सेफार्दी रब्बींनी निर्णय दिला की सण लागण्याआधीच संगणक सुरू करून ठेवला, तर या आणीबाणीत झूमवरून सेदर करायला हरकत नाही. (रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू; सेफार्दी म्हणजे स्पेन, उत्तर आफ्रिका आणि पूर्वेकडच्या परंपरेतले.) काही दिवसांतच इस्राएलच्या मुख्य रब्बींनी तो निर्णय फेटाळला.

बाहेरून पाहणारा गोंधळतो. हाच समाज रोज सकाळी फोनवर तालमुद या धर्मग्रंथाचा पाठ ऐकतो, रब्बींना व्हॉट्सअॅपवर शंका विचारतो, गावोगावच्या नातेवाइकांना फेसबुकवर शोधून काढतो. मग सेदरलाच काय अडलं? नेटवर्क कुठपर्यंत येऊ द्यायचं आणि कुठे थांबवायचं, याचा इतका बारकाईनं आणि इतका उघड वाद घातलेला दुसरा समाज मला माहीत नाही. तो वाद समजून घेतला, तर आपल्याही गावकी-भावकीच्या ग्रुपांकडे वेगळ्या नजरेनं पाहता येईल.

नेटवर्क म्हणजे काय, आणि ते कधीपासूनचं?

सोशल नेटवर्क म्हटलं की आपल्याला अॅप आठवतात. समाजशास्त्रात मात्र त्याचा अर्थ साधा आहे: माणसं आणि त्यांच्यामधले दुवे. काही दुवे घट्ट असतात, म्हणजे घर, शेजार, रोजची मैत्री. काही सैल असतात, म्हणजे कुणाच्या तरी ओळखीचं कुणीतरी. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की नवी माहिती बहुतेकदा सैल दुव्यांतून येते. जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं, ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. फोननं केलं ते एवढंच की सैल दुवे जवळजवळ फुकट करून टाकले. त्यात भर पडली अल्गोरिदमची. कुणाला काय दाखवायचं हे ठरवणारा संगणकी नियम म्हणजे अल्गोरिदम.

जगात ज्यू साधारण दीड कोटी आहेत. मुंबई महानगर प्रदेशात याहून जास्त माणसं राहतात. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं आणि सगळ्यांनी जिथे यायचं ती जागाच उरली नाही. तेव्हापासून दूरवर पांगलेल्या वस्त्या पत्रांनी जोडलेल्या राहिल्या. आजच्या इराकमधल्या सुरा आणि पुंबेदिता इथल्या विद्यापीठांकडे उत्तर आफ्रिका आणि स्पेनमधून प्रश्न यायचे. हे लग्न वैध आहे का, हा करार पाळायचा का, प्रार्थना कोणत्या क्रमानं म्हणायची. उत्तर परत जायला महिने लागत. वाटेत कैरोला त्याची नक्कल उतरवली जाई.

हे आपल्याला आज माहीत आहे, कारण जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, एक बंद खोली होती. देवाचं नाव लिहिलेला कागद फेकायचा नाही, या नियमानं तिथे शतकानुशतकं कागद टाकले गेले. शेवटी शेवटी तर हिशेब, याद्या, घरगुती पत्रं, काहीही. अशा लाखो तुकड्यांचा साठा तिथे साचला आणि १८९७च्या सुमारास सॉलोमन शेक्टर यांनी त्यातला मोठा भाग केंब्रिजला नेला. त्यात १२व्या शतकात मंगळुरात राहून मिरी-सुपारीचा व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजू याचा एडन आणि कैरोशी चाललेला पत्रव्यवहारही आहे. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरचा एक माणूस माल, कर्ज, लग्नं आणि धर्मशास्त्र एकाच पत्रात बोलतो. आज त्या तुकड्यांची छायाचित्रं जगभरचे हौशी लोक घरबसल्या लावून देतात, वाचून देतात.

मशालींचं नेटवर्क आणि खोटे संदेश

याहूनही जुनी एक गोष्ट आहे आणि ती मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. साधारण इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मौखिक कायद्याच्या पहिल्या संहितेत, ती आली आहे.

ज्यू महिना चंद्राच्या कोरीवरून सुरू होतो. कोर पाहिलेले साक्षीदार जेरुसलेमच्या न्यायसभेपुढे येत. साक्ष पटली की महिना जाहीर होई. पण बाबिलोनमधल्या ज्यूंना ते कसं कळणार? तर जैतुनाच्या डोंगरावर एक माणूस लांब काठीला बांधलेली मशाल पेटवून वर-खाली, इकडे-तिकडे हलवायचा. पुढच्या डोंगरावरच्यानं तसंच केलेलं दिसेपर्यंत तो थांबायचा नाही. सार्ताबा, मग पुढचं शिखर, मग त्याच्या पुढचं, असं करत अखेर परदेशी पांगलेला सगळा समाज आगीच्या लोळासारखा उजळलेला दिसायचा.

मग शोमरोनी, म्हणजे ज्यूंशी वैर असलेल्या शेजारच्या पंथाच्या, लोकांनी चुकीच्या रात्री मशाली पेटवायला सुरुवात केली. संदेश भराभर पुढे जात होता, पण तो कुणी सुरू केला हे तपासायची सोय कुठेच नव्हती. न्यायसभेनं मशाली बंद केल्या आणि निरोप्ये पाठवायला सुरुवात केली. निरोप्या संथ चालतो, पण तो ओळखीचा असतो.

याची किंमत मोजावी लागली. लांबच्या गावांना निरोप्या सणाआधी पोचायचा नाही, म्हणून नेमका कोणता दिवस सणाचा हे कळायचं नाही. तिथले लोक शंकेपोटी सण दोन दिवस पाळू लागले. पुढे कालगणना गणितानं ठरली, शंका राहिली नाही, तरी दुसरा दिवस राहिला. आजही इस्राएलमध्ये पेसाह ७ दिवसांचा असतो आणि बाहेरच्या पारंपरिक ज्यूंसाठी ८ दिवसांचा. निरोप पोचवण्याच्या एका पद्धतीची मर्यादा दोन हजार वर्षांनंतरही पंचांगात शिल्लक आहे. तंत्रज्ञान येतं-जातं, पण त्यानं लावलेल्या सवयी धर्मात मुरतात. आजच्या अॅपांबद्दल बोलताना मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

२,७११ पानं आणि एकच वेळापत्रक

तालमुद म्हणजे मिश्ना आणि त्यावर काही शतकं चाललेली चर्चा. पान उघडलं की मधोमध मूळ मजकूर, आतल्या बाजूला ११व्या शतकातल्या राशींचं भाष्य आणि बाहेरच्या बाजूला त्यांच्या नातवंडांच्या पिढीपासून पुढच्या पंडितांचे आक्षेप. व्हेनिसमध्ये डॅनियल बॉम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकानं १५२० नंतरच्या काही वर्षांत संपूर्ण तालमुद छापलं. त्यानं घातलेले पृष्ठांक आजही तेच आहेत. कुठल्याही देशातल्या कुठल्याही प्रतीत एखादा वाद त्याच पानावर सापडतो. लोक हजार वर्षं एकमेकांशी बोलत आहेत आणि सगळे एकाच कागदावर आहेत, अशी ही रचना.

१९२३ साली व्हिएन्नातल्या एका परिषदेत मायर शापिरो या तरुण रब्बींनी सुचवलं की जगभरच्या ज्यूंनी रोज तालमुदचं एकच पान वाचावं, सगळ्यांनी तेच. याला दाफ योमी म्हणतात. पानं २,७११, म्हणून एक फेरा जवळपास साडेसात वर्षांचा. आषाढी वारीत कोणत्या तिथीला पालखी कुठे मुक्कामाला असणार हे ठरलेलं असतं, म्हणून मधल्या गावातला माणूसही न विचारता दिंडीत सामील होऊ शकतो, तसंच हे. परक्या शहरात उतरलेल्या माणसाला आजचं पान माहीत असतं आणि तिथल्या अभ्यासवर्गातही तेच पान उघडलेलं असतं. शापिरोंकडे रेडिओसुद्धा नव्हता. वेळापत्रक हेच त्यांचं नेटवर्क होतं.

फोन आला तेव्हा हे वेळापत्रक त्याची वाटच पाहत होतं म्हणायला हरकत नाही. पानाचा ध्वनिमुद्रित पाठ लोकलमध्ये ऐकता येऊ लागला. २०१७ मध्ये सेफारिया या विनानफा संस्थेनं तालमुदचं रब्बी अदिन स्टाइनझाल्त्स यांच्या कामावर आधारलेलं इंग्रजी भाषांतर सर्वांसाठी मोफत खुलं केलं. स्टाइनझाल्त्स यांनी १९६५ मध्ये हाती घेतलेलं काम २०१० मध्ये पुरं केलं होतं. सेफारियावर एका वाक्यावर बोट ठेवलं की त्याचा उल्लेख आणखी कुठे कुठे झाला, ते सगळं बाजूला उघडतं. पूर्वी हे करायला भिंतभर पुस्तकं आणि ती तोंडपाठ असलेला गुरू लागत असे.

सगळ्यात मोठा फरक पडला तो स्त्रियांना. पारंपरिक समाजात तालमुद पुरुषांनी शिकायचं असा शतकांचा दंडक होता. जानेवारी २०२० मध्ये तेरावा फेरा संपला. १ जानेवारीला न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियमवर सुमारे ९० हजार लोक जमले. त्याच आठवड्यात जेरुसलेममध्ये मिशेल कोहेन फार्बर यांच्या हदरान संस्थेनं स्त्रियांचा समारोप भरवला. हजारो बायका आल्या. फार्बर रोज पान शिकवतात आणि तो पाठ पॉडकास्टवर जातो. जिच्या गावात बाईला तालमुद शिकवणारं कुणी नाही, तिलाही आता गुरू आहे आणि दूरच्या का होईना, सहाध्यायी आहेत. पुढे मिरियम अॅन्झोविन यांनी टिकटॉकवर रोजच्या पानाबद्दल अगदी तरुणांच्या बोलीत, शिव्याबिव्या देत, पण पान नीट वाचून बोलायला सुरुवात केली. काहींना तो अपमान वाटला. मला नाही वाटत. तालमुदमधले रब्बीही एकमेकांशी काही कमी तोंडाळ नव्हते, आणि पान वाचलेल्या माणसाचा राग हा पानाबद्दलचा जिव्हाळाच असतो.

सगळं फोनवर आहे, तर रब्बी कशाला हवा?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो नवा नाही. मौखिक कायदा लिहून ठेवू नये असं स्वतः तालमुदच सांगतं. लिहिलं की गुरूची गरज संपेल, ही भीती होती. तरी लिहावं लागलं, नाहीतर हरवलं असतं. छपाई आली तेव्हा पुन्हा तीच चर्चा झाली.

धर्मशास्त्रीय प्रश्नाचं उत्तर दोन गोष्टींतून बनतं: ग्रंथात काय आहे, आणि विचारणारा कोण आहे. पहिली गोष्ट संगणक चांगली करतो. १९६३ साली इस्राएलमध्ये अविएझरी फ्रेंकेल यांनी जुन्या प्रश्नोत्तर-पत्रांचा संगणकीय शोध सुरू केला, तो पुढे बार-इलान विद्यापीठात वाढला. ग्रंथांमध्ये शोध घेण्याच्या जगातल्या पहिल्या मोठ्या प्रयोगांपैकी तो एक. दुसरी गोष्ट मात्र अवघड आहे. उपास सोडू का असं विचारणाऱ्या बाईला रब्बी विचारतात, तब्येत कशी आहे, मूल अंगावर पितं का, डॉक्टर काय म्हणाले. त्या बाईपुरतं दिलेलं ते उत्तर नेटवर गेलं की हजारो जणी स्वतःला लागू करून घेतात.

तरीही लोक लांबच्या अनोळखी रब्बीला विचारतात आणि त्याला कारण आहे. न्यू यॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या खाबाद या ज्यू धार्मिक चळवळीतले योसेफ काझेन १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून संगणकी संदेशफलकांवर अनोळखी लोकांच्या शंकांना उत्तरं देत होते. तेव्हा वेबसुद्धा नव्हतं. विचारणाऱ्यांत असे पुष्कळ असत, जे सिनेगॉगच्या दारातून आत यायला धजावले नसते. ज्याच्याकडे घट्ट दुवा नाही, त्याला सैल दुवाच दार उघडून देतो.

दहावा माणूस

आता सुरुवातीच्या कोड्याकडे. शिकायला नेटवर्क चालतं, मग सणाला आणि प्रार्थनेला का नाही? यात दोन वेगळे अडसर आहेत आणि ते बऱ्याचदा एकत्र कालवले जातात.

पहिला विजेचा. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंतचा विसाव्याचा काळ, यात पारंपरिक ज्यू विजेची उपकरणं चालू-बंद करत नाहीत. मोठ्या सणांनाही जवळपास तेच नियम आहेत, फक्त थोडे सैल. उदाहरणार्थ, सणाला आधीपासून पेटलेल्या ज्योतीवरून दुसरी पेटवता येते. १४ रब्बींनी वाव शोधला तो इथे. सेदरला ठराविक संख्येची अटही नाही, त्यामुळे त्यांच्या मते अडचण फक्त बटणाची होती आणि बटण आधीच दाबून ठेवता येत होतं. मुख्य रब्बींना भीती होती की आजची आणीबाणीची सवलत उद्याची सवय होईल. मशालींच्या गोष्टीनंतर ही भीती पोकळ म्हणता येत नाही.

दुसरा अडसर मिनयानचा. काही प्रार्थना, त्यात आईवडिलांच्या निधनानंतर म्हणायचा कद्दिशही आला, दहा प्रौढ ज्यू एकत्र असल्याशिवाय म्हणता येत नाहीत. ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरानिष्ठ, पंथात दहा पुरुष, इतर अनेक पंथांत स्त्रियाही मोजतात. २००१ मध्येच अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह या मध्यममार्गी पंथाच्या धर्मशास्त्र समितीनं इंटरनेटवरच्या मिनयानवर निर्णय दिला होता: दहा जण एका जागीच हवेत, ते जमले की अकरावा माणूस लांबून पडद्यावरून सामील होऊ शकतो. मार्च २०२० मध्ये त्याच पंथानं आणीबाणीपुरती ही अट शिथिल केली. ऑर्थोडॉक्स रब्बींनी केली नाही. अनेक वस्त्यांत लोक आपापल्या गच्चीत उभे राहिले, एकमेकांना डोळ्यांनी दिसतील असे, आणि तसं मिनयान केलं.

हा हट्ट निव्वळ कर्मठपणाचा असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. वडील गेलेल्या माणसाला अकरा महिने रोज कद्दिशसाठी दहा माणसं लागतात. म्हणजे रोज नऊ जणांना त्याच्यासाठी अंथरुणातून उठून यावं लागतं. त्याचा चेहरा कुणीतरी रोज पाहतं. तो आज आला नाही, हे कुणाच्या तरी लक्षात येतं. नियमामागचा हेतू काहीही असो, तो काम हे करतो. पडद्यावर आवाज बंद करून बसलेल्या माणसाबाबत हे होत नाही. दुसरीकडे, ज्या म्हाताऱ्या बाईला जिना उतरता येत नाही, तिला झूमनं वर्षांनंतर प्रार्थना परत दिली, हेही तितकंच खरं. त्या अकराव्या जागेचं मोल कमी नाही.

अमेरिकेतल्या वस्त्यांत याची एक रोजची तडजोड दिसते. शब्बाथला घराबाहेर वस्तू वाहून नेता येत नाही, म्हणून वस्तीभोवती तारांची सीमा बांधतात. तिला एरूव म्हणतात. तार अखंड असेल तर बाळाची गाडी ढकलता येते. दर आठवड्याला कुणीतरी तार तपासतो आणि शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी मोबाइलवर संदेश येतो की एरूव ठीक आहे. तो वाचायचा आणि फोन उद्या रात्रीपर्यंत ठेवून द्यायचा.

जे फोनच नको म्हणतात, त्यांचं काय?

२० मे २०१२ रोजी न्यू यॉर्कचं सिटी फील्ड हे बेसबॉलचं मैदान काळ्या कोटांनी भरून गेलं. इंटरनेटचे धोके या विषयावर हरेदी, म्हणजे अतिपारंपरिक, ज्यू पुरुषांची ती सभा होती. ४० हजारांहून जास्त माणसं आली. मैदानात न मावणाऱ्यांसाठी तिचं थेट प्रक्षेपणही केलं होतं. इस्राएलमध्ये त्याआधीपासून कोशेर, म्हणजे धर्माला चालणारे, फोन मिळतात. त्यांवर बोलता येतं, पण वेब आणि अॅप नसतात, आणि त्यांचे क्रमांकही वेगळ्या मालिकेतले असतात. त्यामुळे शाळेला पालकांच्या क्रमांकावरूनच कळतं की घरात कोणता फोन आहे.

बाहेरच्यांना वाटतं की भीती अश्लील चित्रांची असणार. ती आहेच. पण मूळ चिंता दुव्यांची आहे, असं मला दिसतं. जिथे घट्ट दुव्यांवरच सगळं उभं आहे, लग्न, शाळा, नोकरी, आजारपणातली मदत, तिथे प्रत्येक माणसाच्या खिशात हजार सैल दुवे आले की रब्बीच्या शब्दाआधी बातमी पोचते. ज्याला शंका आहे, त्याला आपल्यासारखे शंका असणारे सापडतात. ज्या मुलावर अत्याचार झाला, त्याला कळतं की आपण एकटे नाही. हे शेवटचं पाहिलं की बंदीच्या बाजूनं उभं राहणं मला शक्य होत नाही. गेल्या काही वर्षांत या समाजांत दडपलेली प्रकरणं बाहेर आली, त्यात अशा दुव्यांचा मोठा वाटा आहे.

मी ज्यू आहे का, हे फोन सांगेल का?

पारंपरिक कायद्यानुसार ज्यू आईचं मूल ज्यू, किंवा विधिपूर्वक धर्म स्वीकारलेला माणूस ज्यू. अमेरिकेतल्या रिफॉर्म या उदारमतवादी पंथानं १९८३ मध्ये ज्यू वडिलांचं, ज्यू म्हणून वाढवलेलं मूलही मान्य केलं. म्हणजे एका ठिकाणी ज्यू असलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी नसतो. पूर्वी हा घोळ गावापुरता राहायचा. आता सगळी गावं एका पडद्यावर आहेत.

प्यू संशोधन केंद्राच्या २०२० सालच्या पाहणीत अमेरिकेतल्या २७ टक्के प्रौढ ज्यूंनी आपला धर्म ज्यू नाही, पण आपण ज्यू आहोत असं सांगितलं. जेवण, विनोद, आजीची भाषा, कुटुंबाचा इतिहास हेच त्यांचं ज्यूपण. नेटवर्क अशांना फार सोयीचं आहे, कारण तिथे शिरायला कुणी दाखला मागत नाही. १९८७ पासून चालत आलेल्या ज्यूईशजेन या वंशावळींच्या उपक्रमानं आणि नंतर आलेल्या डीएनए चाचण्यांनी कितीतरी घरांत पुरलेली नावं वर काढली, होलोकॉस्टमध्ये, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारात, ताटातूट झालेल्या भावंडांची कुळं जोडली. पण थुंकीच्या चाचणीवरून पारंपरिक रब्बी सहसा कुणाला ज्यू ठरवत नाहीत, आणि ते शहाणपणाचं आहे. शतकानुशतकं आपसात लग्नं झालेल्या समाजात अशा चाचण्या लांबच्या नात्यालाही जवळचं दाखवतात. आणि रक्तावरून ज्यू ठरवण्याचा विसाव्या शतकातला इतिहास कुणीही विसरलेलं नाही.

ओळख उघड केली की द्वेषही दार शोधत येतो. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये शब्बाथच्या प्रार्थनेत ११ जणांना मारणाऱ्यानं जाण्याआधी आपला इरादा गॅब या नेटवर्कवर लिहिला होता. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या हाले इथल्या हल्लेखोरानं हल्ला थेट दाखवला. होलोकॉस्ट झालाच नाही असं म्हणणाऱ्या मजकुरावर फेसबुकनं बंदी घातली ती २०२० मध्ये, म्हणजे फारच उशिरा.

कोकणातल्या शनिवार तेल्यांचं काय?

या सगळ्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. रायगडच्या किनाऱ्यावर, नवगावला, फुटलेल्या जहाजातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून आपण झालो, असं बेने इस्राएल समाज परंपरेनं सांगतो. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. ग्रंथ हरवले होते. राहिलं होतं ते शब्बाथ, आठव्या दिवसाची सुंता, खाण्याचे काही नियम आणि शमा इस्राएल ही एक प्रार्थना. मायमोनिडीझ या थोर पंडितानं एका पत्रात लिहिलं होतं की भारतातल्या ज्यूंना शब्बाथ आणि सुंता यांपलीकडे काही ठाऊक नाही. ते यांच्याचबद्दल होतं का, यावर अभ्यासकांत एकमत नाही, पण दूरच्या केंद्राला कडा कशी दिसते हे त्यातून कळतं.

नेटवर्क इथे दोन उलट गोष्टी करतं. जोडतं हे उघडच आहे. १९५०च्या आसपास वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज आज भारतात काही हजारांवर आला. बहुतेक घरं अश्दोद, अश्केलोन, दिमोना, लोद इथे गेली. ठाण्यातली आजी आणि दिमोनातली नात रोज बोलतात ती फोनमुळे. पण त्याच फोनमध्ये जो ज्यू धर्म भरलेला आहे तो बहुतांश अमेरिकेतल्या आणि युरोपीय वंशाच्या ज्यूंचा आहे. सण कसा करायचा असं शोधलं की त्यांच्या पाककृती, त्यांच्या चाली, त्यांचे उच्चार येतात. अल्गोरिदम जास्त पाहिलं जाणारं पुढे करतो आणि काही हजारांचा समाज त्या गणतीत कधीच पुढे येत नाही. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण ही कोकणातली सणांची नावं पंचांग-अॅपमध्ये सहसा सापडत नाहीत. मलिदा तर दुसरीकडे कुठे नाहीच. पोहे, नारळ, साखर, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हनाबींचं, म्हणजे बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचं, नाव घेऊन केलेली ती प्रार्थना नवसाला, लग्नाआधी, बारशाला होते. एलियाहूंच्या रथाच्या चाकोऱ्या अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर उमटल्या आहेत ही श्रद्धा याच समाजाची. तुम्ही तरुण असाल, इस्राएलमध्ये वर्गात एकटेच मराठी आडनावाचे असाल, तर आपला विधी चुकीचा आणि पडद्यावरचा बरोबर असं वाटायला वेळ लागत नाही.

पण हे तर पहिल्यापासूनच होत आलं आहे ना?

होय, आणि म्हणूनच त्याचा अभ्यास करायला हवा. परंपरा सांगते की डेव्हिड राहाबी नावाच्या माणसानं यांना पुन्हा धर्म शिकवला. १९व्या शतकात कोचीहून शिक्षक आले. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं आणि त्यातून लोक ख्रिस्ती होण्याऐवजी बायबल मुळातून वाचू लागले. प्रत्येक वेळी बाहेरचा दुवा आला, समाज थोडा इतरांसारखा झाला. पण प्रत्येक वेळी आलेलं त्यांनी मराठीत उतरवून घेतलं. १८७४ साली पुण्यात सेदरची पोथी हिब्रू-मराठीत छापली. कीर्तनाची मराठी पद्धत घेऊन मोशे आणि योसेफ यांची आख्यानं लावली. स्वीकार होता, पण तो आपल्या भाषेतून.

दूरच्या केंद्रानं नुसतं ठरवून टाकलं की काय होतं, तेही या समाजानं भोगलं आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलच्या मुख्य रब्बीपीठानं बेने इस्राएलांच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याच्या सूचना काढल्या. लोक जेरुसलेमच्या रस्त्यावर बसले. १९६४ मध्ये संसदेनं त्यांना इतर ज्यूंइतकाच दर्जा असल्याचं जाहीर केलं आणि रब्बीपीठालाही मागे यावं लागलं. २०१६ मध्ये त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पश्चिम आशियातल्या ज्यूंचा वारसा दिसला आणि वर्तमानपत्रांनी आनंदानं मथळे दिले. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. यांचं ज्यूपण मात्र घाणा शनिवारी बंद ठेवल्यानं टिकलं होतं, प्रयोगशाळेनं नव्हे.

तेव्हा आज करण्यासारखं काम स्पष्ट आहे, आणि ते फोननंच होईल. इस्राएलमध्ये मायबोली नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे, पण तिथल्या नव्या पिढीला देवनागरी वाचता येत नाही. मलिद्याची गाणी, कीर्तनातली आख्यानं, सणांच्या रीती जाणणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांचं ध्वनिमुद्रण करताना नुसती चाल घेऊन भागणार नाही. कोणत्या गावची रीत, कुणाच्या घरची, रेवदंड्याची की पनवेलची, पोहे कधी भिजवायचे, कोणती ओळ पुरुष म्हणतात आणि कोणती बायका, हे त्याच मुद्रणात त्यांच्या तोंडून मराठीत यायला हवं आणि खाली हिब्रूत लिहायला हवं. नाव-गाव नसलेली चाल नेटवर चढली की दोन वर्षांत ती भारतीय ज्यूंचं गाणं या सरसकट नावाखाली जाते, आणि मग दिमोनातल्या मुलीला ती आपल्या पणजीची आहे हे कळायला काही मार्ग उरत नाही.